वालीच्या दाराशी

कोडिमूल्याच्या भजनमंदिरात दर शनिवारी दुपारी रामायण-महाभारतातली माणसं भांडतात आणि गाव त्यांना मनसोक्त भांडू देतं. याला ताळमद्दळे म्हणतात. मुकुट नाही, तोंडाला रंग नाही, नाच तर नाहीच. धुतलेली पांढरी लुंगी नेसायची, खांद्यावर शाल टाकायची आणि समोरासमोर बसायचं. मध्ये बसलेला भागवत पद गातो, मृदंगासारखं मद्दळे वाजतं, आणि पद संपलं की ज्याच्या वाट्याचं ते पद असेल त्यानं त्याचा अर्थ बोलायचा. लिहून आणलेलं काही चालत नाही. समोरचा काय विचारेल ते त्यालाच ठाऊक, आणि पुष्कळदा त्यालाही नसतं. कथेचा शेवट मात्र ठरलेला. वाली मरायचा म्हणजे मरायचाच. पण मरण्याआधी त्याला हवं तेवढं बोलायची मुभा असते, आणि जत्तप्प रैंना हवं तेवढं म्हणजे भरपूर हवं असे.

जत्तप्प रै सुपारी-मिरीचे बागायतदार. आवाज असा की बागेच्या या टोकाला गड्याला हाक मारली की पलीकडच्या बागेतले गडीही कामाला लागत. तीसेक वर्षं ते वाली झाले, आणि तीसेक वर्षं त्यांच्यासमोर रामाच्या जागी तिरुमलेश्वर भट बसले. भट बारीक अंगाचे, बोलायला सावकाश, पण एकदा लागले की समोरच्याला पाणी प्यायला उसंत मिळत नसे. बाहेर दोघं एकमेकांना तुम्ही-आम्ही करत, ‘भट्रे’ आणि ‘रै’ म्हणत. मंदिरात बसले की थेट अरे-तुरे. बाण लागून पडलेला वाली रामाला जाब विचारतो, तो प्रसंग या दोघांनी सुरू केला की बाया सुपारी सोलायची सुरी तशीच टाकून यायच्या. एकदा तर शेवटचं मंगल गाऊन झाल्यावर चपला शोधता शोधता कल्याणी आजीनं भटांना खरोखरच सुनावलं होतं, “काय हो, झाडामागून मारता? लाज कशी वाटत नाही?” भटांनी हात जोडून माफी मागितली होती. रामाच्या वतीनं.

वालीचा एक प्रश्न ठरलेला असे. ‘तुझी बायको रावणानं नेली. त्या रावणाला मी काखेत धरून हिंडवला होता. मग मदत मागायला तू माझ्या दारी का नाही आलास? पळपुट्या सुग्रीवाकडं का गेलास?’ प्रश्न तोच, पण भटांचं उत्तर दर वेळी वेगळं. कधी राजनीती, कधी धर्म, कधी सुग्रीवाला दिलेला शब्द. एकदा त्यांनी नुसत्या वाऱ्याच्या दिशेवरून उत्तर दिलं होतं आणि लोकांनी ते डोळे पुसत ऐकलं होतं. रै घरी जाऊन त्यावर तोड शोधत बसायचे. ती सापडेपर्यंत पुढचा प्रसंग यायचा आणि भट भलत्याच वाटेनं निसटलेले असायचे. आपल्याला आयुष्यात इतकं सुख दुसऱ्या कशानं दिलं नाही, असं रै उघड म्हणत, अगदी बायकोसमोरही.

गेल्या वर्षी भटांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले, वाचा मात्र बिघडली. शब्द आत शाबूत होते, ओठांपर्यंत येत आणि अडून बसत. हाक मारायला जावं तर भलतंच नाव निघे. ज्या माणसानं अर्धा-अर्धा तास न थांबता रामाची बाजू मांडली, त्याला ‘पाणी’ म्हणायला घाम फुटू लागला. भटांनी घराचं दार लावून घेतलं.

रै दर मंगळवारी जात. कधी केळी, कधी मिरीची पुडी. भटांची बायको देवकीअक्का ओसरीवर येई, गूळ-पाणी देई, धने-जिऱ्याचा कषाय देई आणि खाली बघून म्हणे, “झोपलेत हो.”

सकाळी गेलं तरी झोपलेत. संध्याकाळी गेलं तरी झोपलेत. एकदा खिडकीच्या गजांतून वर्तमानपत्राचं पान उलटलेलं रैंनी स्पष्ट पाहिलं. त्यांनी कषाय संपवला, लोटा उपडा घातला आणि म्हणाले, “झोपू द्या. झोप चांगली.” घरी येताना मात्र ते रस्त्यावरच्या प्रत्येक माणसावर खेकसत आले.

मग एके दिवशी उमेश शेट्टिगार सायकल दामटत बागेत आला. हा गावचा पोस्टमन आणि ताळमद्दळ्याच्या संघाचा ठरलेला सुग्रीव. पत्र टाकायला भटांच्या घरी गेला तर ओसरीवर स्वतः भट उभे.

“शनिवारी येतो म्हणाले,” शेट्टिगार धापा टाकत बोलला. “वालीचाच प्रसंग घ्या म्हणाले.”

“आणि बसणार कुठं?”

“रामाच्या जागी. दुसरं काही नाही म्हणाले. म्हणजे... एवढं म्हणायलाच त्यांना बराच वेळ लागला, जत्तण्णा.”

संध्याकाळी मंदिराच्या पायरीवर संघाची बैठक बसली. बैठक म्हणजे चौघं. रै, शेट्टिगार, मद्दळे वाजवणारा कुशालप्प गौड आणि भागवत वारिजाक्षी. वारिजाक्षी दिवसभर शिवणयंत्रावर बसे आणि शनिवारी भागवताच्या जागी. वडिलांमागून तिनं ती जागा घेतली तेव्हा बाईमाणूस म्हणून थोडी कुरकुर झाली होती. तिचं पहिलं पद ऐकल्यावर कुरकुर करणारेच पुढच्या रांगेत बसू लागले.

“लक्ष्मण देऊ या त्यांना,” कुशालप्प म्हणाला. “मान राहील, आणि लक्ष्मणाला बोलायलाही फारसं नसतं.”

“भट्रेंना लक्ष्मण?” रै उसळले. “मग मला झाड करा. राम ज्याच्या मागं लपतो ते. मीही गप उभा राहतो!”

“अण्णा, तसं नाही,” वारिजाक्षी समजुतीनं म्हणाली. “ते भर सभेत अडले तर? शंभर माणसांसमोर? पुन्हा दार लावून घेतील ते. मग ते दार कुणाच्या बापाला उघडायचं नाही.”

ते खरं होतं. रैंना दुसरी कसली भीती नव्हती. भट शनिवारी हरले तर कायमचे हरणार होते, आणि त्यांच्याबरोबर रैंचा वालीही जाणार होता. दुसऱ्या कुणा रामाकडून मरायची त्यांची तयारी नव्हती.

शेवटी बेत ठरला. भट अडले की वारिजाक्षीनं लगेच पुढचं पद उचलायचं. कठीण पदं गाळायचीच. आणि वालीनं प्रश्न असे विचारायचे की उत्तर प्रश्नातच असेल, रामानं नुसतं ‘हो’ म्हटलं तरी भागेल. ताळमद्दळ्यात हे पाप समजतात. समोरच्याला सोडून देणं म्हणजे त्याला नालायक ठरवणं. पण त्या संध्याकाळी हे पाप कुणाच्या डोक्यात आलं नाही, सगळ्यांच्या डोक्यात भट होते. पुढचे दिवस रैंनी बागेत हिंडत स्वतःचेच आरोप बोथट करण्यात घालवले. त्यांचा वाली इतका गुळमुळीत बोलायला लागला की गडी विचारू लागले, “धनी, बरं नाही का?”

शनिवारी मंदिर भरून बाहेर माणसं उभी राहिली. देवकीअक्काचा हात धरून भट आले. शाल नीट घडीची, कपाळावर गंध. समईला नमस्कार करून ते रामाच्या जागी बसले.

“कसे आहात भट्रे?” रैंनी विचारलं.

भटांनी मान हलवली, पण रैंकडं पाहिलं नाही.

गणपतीचं पद झालं. शेट्टिगारचा सुग्रीव नेहमीसारखा रडला, चांगलाच रडला. द्वंद्व झालं, बाण सुटला, वाली पडला. वारिजाक्षीनं वालीचं निषेधाचं पद घेतलं आणि रैंनी शाल सावरली. एरवी या जागी त्यांचा पहिला शब्द छपराला लागायचा.

“रामा,” ते मऊ आवाजात म्हणाले, “तू मोठ्या कुळातला. तू उगाच मारणार नाहीस. तुझं म्हणणं असं असेल की मी वानर, वानर म्हणजे शिकार, आणि शिकारीला लपून मारायला हरकत नाही. असंच ना?”

भटांच्या भुवया वर गेल्या. “हं.”

“आणि भावाची बायको मी ठेवून घेतली, म्हणून हा दंड. असंच ना?”

“हो.”

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मागं कुणीतरी खाकरलं. वारिजाक्षीनं घाईनं पुढचं पद उचललं, पुढचं म्हणजे दोन सोडून तिसरं. कुशालप्पची बोटं मद्दळ्यावर पडली न पडली तोच भटांनी हात वर केला. मद्दळे थांबलं.

“भा... भागवता.” शब्द एकेक करून येत होते. “मधली... दोन... पदं. कुठं... गेली?”

वारिजाक्षीचा चेहरा उतरला. “चुकून राहिली हो.”

“नाही.” भट वळले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी रैंकडं नीट पाहिलं. ते रामाचेच डोळे होते, तीस वर्षांचे ओळखीचे, आणि चांगलेच तापलेले. “वाली. तू... मला... पाडायला... आलास... की... न्हाऊ घालायला?” त्यांनी श्वास घेतला. “न्हाऊ... घालायला... घरी... आहेत... माणसं.”

मंदिरात हशा पिकला. देवकीअक्कासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. रैंचे मात्र कान तापले. आपण काय करून बसलो ते त्यांना त्या क्षणी कळलं. ज्या माणसाला घरात वर्षभर सगळे सांभाळत होते, तो इथं यासाठीच आला होता की इथं तरी कुणी सांभाळू नये. आणि लाजेच्या मागोमाग रैंना राग आला. खराखुरा राग, ओसरीवर बसून प्यायलेल्या सगळ्या कषायांचा.

“वारिजक्का,” ते म्हणाले, “गाळलेली पदं घे. दोन्ही घे.”

तिनं घेतली. पहिल्या पदावर रैंनी रामाच्या क्षत्रियपणाचे जे धिंडवडे काढले त्यांनी छपरावरची कबुतरं उडाली. भटांनी तीन शब्दांत ते परतवलं, “शब्द... दिला... होता,” आणि लोकांनी ‘हां!’ म्हणून दाद दिली. दुसरं पद त्या ठरलेल्या प्रश्नाचं होतं. वारिजाक्षीनं ते असं गायलं की गाणं संपल्यावरही कुणी हललं नाही.

“रामा,” रै म्हणाले, “तुझी बायको गेली तेव्हा तू रानोमाळ भटकत होतास. झाडांना विचारलंस, पाखरांना विचारलंस. माझ्या किष्किंधेच्या वाटेनं गेलास. माझ्या दारावरून गेलास रे! एक हाक मारली असतीस तर ताटावरून उठून आलो असतो. रावण माझ्या काखेतला. मी नुसता लंकेच्या वेशीवर उभा राहिलो असतो तरी त्यानं सीता पालखीत घालून पाठवली असती. हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, तुला नव्हतं? तू कुणाकडं गेलास, तर ज्याला स्वतःचं घर राखता आलं नाही त्याच्याकडं. माझं काय चुकलं होतं? मी वाट बघत होतो. माझं दार उघडं होतं. तुझं दार मात्र...”

इथं रै अडखळले. वालीला हे वाक्य नव्हतं. रामाला रानात दार कुठलं?

“मी काय परका होतो?” ते म्हणाले. आवाज वालीचा राहिला नव्हता, तो मंगळवारी रिकाम्या हातानं घरी येणाऱ्या जत्तप्प रैंचा होता. “का नाही आलास माझ्याकडं?”

भटांनी उत्तरासाठी तोंड उघडलं.

त्यांचे ओठ हलत होते. हात मांडीवर मूठ होऊन बसला होता. वारिजाक्षीनं टाळ उचलले आणि रैंकडं पाहिलं, घेऊ का पुढचं पद? रैंनी जोरात नकारार्थी मान हलवली. कुशालप्पनं मद्दळ्यावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. शेट्टिगार डोळे मिटून बसला. आणि त्या भरलेल्या मंदिरात एक माणूस चुळबुळला नाही, एक पोर रडलं नाही. मागच्या रांगेत बसून या लोकांना मी पुष्कळदा हसलो आहे, दर शनिवारी कामधाम सोडून हजारो वर्षांपूर्वीची भांडणं उकरून काढतात म्हणून. त्या दिवशी त्यांनी ज्या धीरानं एका माणसाच्या तोंडातून शब्द यायची वाट पाहिली, ते बघून माझ्या हसण्याची मला शरम वाटली. कुणी त्याला शब्द सुचवला नाही. वाट पाहणं हीसुद्धा शिकायची गोष्ट असते, आणि ती त्यांनी तिथंच बसून शिकलेली होती.

“लाज,” भट म्हणाले. “लाज... वाटली.”

कल्याणी आजीनं मान वर केली.

“सुग्रीवाची... बायको... गेली होती. माझी... गेली होती. तो... रडत होता. त्याच्यापुढं... मला... रडता... आलं.” भटांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं, पण ते थांबले नाहीत. “तू... भरलेला. घर... भरलेलं. हात... भरलेले. तुझ्या... मनात... मी... धनुष्य... घेतलेला... राम. दारात... आलो असतो... तर... मोडलेला... दिसलो असतो.” त्यांनी रैंकडं पाहिलं. “सगळ्यांना... दिसलं... तर... चालेल. तुला... दिसायला... नको... होतं.”

तीस वर्षांत भटांनी त्या प्रश्नाला किती उत्तरं दिली असतील! सगळी मोठी, सगळी टाळ्यांची. हे उत्तर कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकल्यावर वाटलं की रामाचं उत्तर पहिल्यापासून हेच असणार, इतके दिवस तो फक्त ते झाकत होता.

रैंना त्यावर तोड येत होती. त्यांच्यासारख्या मुरलेल्या अर्थ बोलणाऱ्याला ती बसल्या जागी सुचते, एक सोडून तीन सुचतात. त्यांनी त्यातली एकही काढली नाही. शालीच्या टोकानं त्यांनी तोंड पुसलं, तोंडच पुसलं की आणखी काही ते कुणी विचारलं नाही.

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

“मग बाण काढ, रामा,” रै म्हणाले. “मला जायला आता हरकत नाही. माझा अंगद तेवढा सांभाळ. आणि ऐक, मोडलेला राम मी पाहिला. त्याच्या हातून मेलो याचा मला कमीपणा नाही.”

वारिजाक्षीनं मंगलाचं पद घेतलं. तिचा आवाज दोनदा चिरकला. एरवी कुणी सोडलं नसतं, त्या दिवशी सोडलं.

मग नेहमीसारखी गोळीबजे, म्हणजे गोल भजी आली, कॉफी आली. माणसं भटांभोवती जमली, पण हात धरून उठवायला कुणी गेलं नाही, भट स्वतःच उठले.

“भट्रे,” कुशालप्पनं कॉफी देत विचारलं, “पदं गाळली म्हणून भागवतांना दंड काय?”

“पुढच्या... शनिवारी,” भट म्हणाले, “दुप्पट... गायची.”

“गाते हो, गाते,” वारिजाक्षी डोळे पुसत हसली. “तुम्ही दुप्पट बोलणार असाल तर.”

बाहेर चपला घालताना कल्याणी आजीनं रैंना गाठलं. “काय हो रै, आजारातून उठलेल्या माणसाला इतकं टाकून बोलायचं असतं? लाज कशी वाटत नाही?”

“वाटते आजी,” रै म्हणाले. “फार वाटते.”

भट मात्र रैंशी एक शब्द न बोलता देवकीअक्काबरोबर रिक्षात बसून गेले. रै पायरीवर उभे राहिले. सभेत जे झालं ते वाली आणि रामाचं झालं असेल. भट आणि रै यांचं काय, ते त्यांना कळेना. मंदिरात अरे-तुरे करणारा माणूस बाहेर आल्यावर पुन्हा ‘तुम्ही’ होतो, हे तर ठरलेलंच होतं. रविवार त्यांनी कसाबसा काढला, सोमवारी कुणावर खेकसलेही नाहीत. गडी पुन्हा काळजीत पडले.

मंगळवारी ते केळ्यांची फणी घेऊन भटांच्या अंगणात शिरले. वाळत घातलेल्या सुपारीला वळसा घालून ओसरीपाशी आले. देवकीअक्का गूळ-पाणी घेऊन बाहेर आली, आणि इतक्या महिन्यांची सवय, लोटा पुढं करता करता तिच्या तोंडून निघूनच गेलं,

“झोपलेत हो...”

आतून आवाज आला. कुठंही न अडखळता, छपराला लागेल असा.

“जागाय मी! ये आत!”